गेटबाहेरचे शब्द

“फाइंड अ बकेट!” फोनमधली बाई ओरडली आणि माझे सासरे खुर्चीतून ताडकन उठले.

“शरू, बकेट! बकेट म्हणजे?”

“बादली!” म्हणत माझी लेक न्हाणीकडे धावली. तिच्या मागे मामंजी, त्यांच्या मागे मी. शरूनं बादलीचा फोटो काढला. फोनमध्ये टिंग वाजून सोन्याचं नाणं पडलं आणि बाई म्हणाली, “व्हेरी गुड!”

“थँक्यू मॅडम,” मामंजी म्हणाले. दर वेळी म्हणायचे. त्या बाईला ऐकू जात नाही हे शरूनं त्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं.

हा शरूचा सुट्टीतला अभ्यास होता. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत ती पहिली पास झाली होती. शाळेनं सुट्टीसाठी फोनवर एक ॲप दिलं होतं. फोन इंग्रजीत एखादी वस्तू मागणार, मुलानं ती शोधून तिचा फोटो काढायचा. बरोबर असेल तर नाणं, नाहीतर ‘ट्राय अगेन’. शोधताना एक मोठं माणूस बरोबर हवं, अशी शाळेची सूचना होती. शरू त्याला ‘खजिना’ म्हणायची. ॲप माझ्या नवऱ्याच्या फोनवर होतं. सूर्यकांत मोटारसायकलच्या अपघातात गेले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. त्यांचा फोन मामंजींनी भिंतीतल्या देवळीत ठेवला होता, तो रोज सकाळी शरूच्या अभ्यासासाठी खाली यायचा.

मामंजी म्हणजे सुभेदार हिंदुराव शेडगे, फौजेतून निवृत्त. फौजेत इंग्रजीनं त्यांचा फार छळ केला होता. कुठल्याशा प्रशिक्षणात सगळ्यांसमोर साहेबानं काही विचारलं आणि हे नुसतंच ‘येस सर, येस सर’ करत राहिले, सगळे हसले. ते हसणं त्यांच्या कानातून गेलं नव्हतं. नातीनं फाडफाड इंग्रजी बोलावं एवढी एकच हौस त्यांना उरली होती. शाळेचा कागद आला की तो त्यांच्या लेखी ऑर्डर असायचा आणि ऑर्डरला ते उलटा प्रश्न विचारत नसत. घरात मात्र ऑर्डर त्यांची.

एकदा त्या बाईनं ‘ब्रूम’ मागितला. शरूनं दाराआडची केरसुणी आणली, फोटो काढला. फोन म्हणाला, “ग्रास! ट्राय अगेन!”

“ग्रास म्हणजे?” मामंजींनी विचारलं.

“गवत,” मी सांगितलं.

“लक्ष्मीला गवत म्हणते? दिवाळीला आम्ही पुजतो तिला!” मामंजी फोनवर खेकसले. “मॅडम, नीट बघा!”

त्यावर चुलीपुढे बसलेल्या माझ्या सासूबाई, आत्या, खुदकन हसल्या. मुलगा गेल्यापासून त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. आत्या फार बोलायच्या नाहीत. मामंजींसमोर तर नाहीच. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्या दिवसापासून खजिन्याच्या वेळी त्या चूल सोडून दारात येऊन बसू लागल्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी त्या घरात अडकले होते.

आमच्याकडे रीत अशी की बाईचा नवरा गेला की माहेरची माणसं नवं लुगडं घेऊन येतात आणि तिचा दुखवटा काढतात. त्यानंतरच तिनं घराबाहेर पाऊल टाकायचं. माझ्या माहेरी एकच माणूस, सांगलीचा माझा भाऊ. तेराव्याला तो सगळ्या भावकीसमोर म्हणाला, “बहिणीला आणि भाचीला मी घेऊन जातो.” मामंजी म्हणाले, “माझ्या सूर्यकांतची पोर या घरातून जाणार नाही. सुनेला जायचं तर एकटीनं जावं.” दादा भडकला. “मग तुमच्या उंबऱ्याला पुन्हा माझा पाय लागणार नाही!” यावर मामंजींनी चुलतभाऊ बापूराव आणि दहा-वीस पगडी-टोपीवाल्यांच्या साक्षीनं जाहीर केलं, “आणि माहेरानं दुखवटा काढल्याशिवाय सुनेचं पाऊल माझ्या गेटबाहेर पडणार नाही.”

झालं. दादा येणार नाही म्हणून दुखवटा निघणार नाही. दुखवटा निघणार नाही म्हणून मी बाहेर पडणार नाही. दोन पुरुषांनी ताठ मानेनं दोन शब्द दिले आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत माझं उरलेलं आयुष्य बसवून टाकलं. मी दादाला फोन केला तर म्हणायचा, “आधी म्हाताऱ्याला माफी मागू दे.” मामंजींना विचारायची माझी छाती नव्हती. गेटला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. खरं तर कुलपाची गरजच नव्हती. शरूला सोडून मी कुठं जाणार होते?

आणि जायला जागा होती, हेच जास्त जाचत होतं. लग्नाच्या आधीपासून मी त्याच इंग्रजी शाळेत शिकवत होते. आमच्या मोठ्या बाई, देवस्थळी मॅडम, यांनी वर्षभर माझी जागा राखली होती. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

“हेमलता, संस्थेचे लोक आता ऐकत नाहीत गं. शाळा उघडायच्या आत स्वतः येऊन सही कर. सगळी प्रमाणपत्रं घेऊन ये. नाहीतर मला दुसरी बाई घ्यावी लागेल.”

“येते मॅडम,” मी म्हटलं. कशी, ते मला माहीत नव्हतं. प्रमाणपत्रंही मामंजींच्या ट्रंकेत होती. मी हे आत्यांना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. मला त्यांचाही राग आला. लेक गेला तर गेला, सुनेसाठी एक शब्द खर्चायला काय हरकत होती, असं वाटलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी फोनमधली बाई म्हणाली, “फाइंड अ गेट!”

फोनवर चित्र आलं. आमच्याच गेटसारखं लोखंडी गेट, पण बाहेरून दिसणारं. शरूनं अंगणातून फोटो काढला. “ट्राय अगेन!” दोनदा, तीनदा. मामंजी अस्वस्थ झाले.

“काय पायजे तिला?”

“आजोबा, बाहेरनं काढायला पाहिजे,” शरू म्हणाली. “आणि मोठं माणूस पाहिजे बरोबर. तुम्हाला फोन धरता येत नाही, हलतो.”

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, गेटकडे पाहिलं. मग करगोट्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. “जा. फोटो काढा आणि लगेच आत. शाळेची ऑर्डर आहे.”

गेटबाहेर धूळ होती, एक कुत्रं झोपलं होतं, आणखी काही नव्हतं. शरूनं फोटो काढला, टिंग वाजलं, आम्ही आत आलो. कुलूप पुन्हा लागलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढंसं बाहेर जाऊन परत आत येणं हे न जाण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या आठवड्यात ‘वेल’ आली. वेल म्हणजे विहीर. मळ्याच्या कडेची, चिंचेखालची. या वेळी मामंजी बरोबर आले, आमच्या पुढे दहा पावलं, जणू कैदी नेत होते. वाटेत बापूराव भेटले.

“सुभेदार, दुखवटा निघाला व्हय?”

“नाही.”

“मग सूनबाई बाहेर कशी काय?”

“शाळेची ऑर्डर आहे,” मामंजी म्हणाले आणि मान ताठ करून पुढे गेले. पण त्यांचे कान लाल झाले होते. घरी आल्यावर त्यांनी फोन देवळीत आपटूनच ठेवला. मला वाटलं, संपलं. आता हा खजिना बंद.

पण इंग्रजीचं वेड बापूरावांपेक्षा मोठं निघालं. सोमवारी फोन पुन्हा खाली आला. “फाइंड अ बस!” आम्ही फाट्यावर जाऊन लाल गाडीचा फोटो काढून आलो. गाडी माझ्यासमोर थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, “येताय का ताई?” मी नाही म्हटलं. शाळा आठ दिवसांवर आली होती.

मला एव्हाना खात्री झाली होती की हे देवस्थळी मॅडमचं काम आहे. माझी अडचण त्यांनी ओळखली असणार आणि तिकडे शाळेत बसून त्या मला एकेक शब्दानं बाहेर ओढत असणार. त्या आशेवर मी जगत होते. म्हणून ज्या दिवशी फोन म्हणाला, “फाइंड अ स्कूल!” त्या दिवशी माझ्या हातातलं पिठाचं ताट निसटलं.

मामंजींनी मात्र शरूला हाताला धरून गावातल्या मराठी शाळेपुढे उभं केलं. “काढ फोटो.”

“ट्राय अगेन!”

“दुसऱ्या बाजूनं काढ.”

“ट्राय अगेन!”

“शाळाच आहे ही!” ते फोनवर ओरडले. “मी इथंच शिकलो!”

“आजोबा, चित्रात माझी शाळा आहे,” शरू म्हणाली. “तिथंच जायला लागेल.”

संध्याकाळी बराच वेळ ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी म्हणाले, “उद्या मी येतो बरोबर. फोटो काढायचा आणि परतीची गाडी धरायची. शाळेच्या आत जायचं नाही.”

आत जायचं नाही. म्हणजे सहीच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरायचं. मी चुलीपाशी बसून रडले. आत्या भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

सकाळी उठून पाहते तर आत्या आडव्या. जूनच्या उकाड्यात अंगावर घोंगडं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

“काय होतंय?” मामंजींचा आवाज एकदम बारीक झाला.

“छातीत कळ येतीया. तुमी हितंच बसा. मला एकटीला भ्या वाटतंय.”

“मग उद्या जाऊ शाळेला.”

“पोरीचा अब्यास बुडवू नगा. जाऊंद्या दोगींना. जातील आन येतील.”

मामंजी घामाघूम झाले होते. एक मुलगा गेलेला, आता बायकोच्या छातीत कळ. त्यांनी गेट उघडलं. मी निघताना आत्यांनी घोंगड्याखालून एक कापडी पिशवी माझ्याकडे सरकवली. चांगली जड होती.

“वाटंत पोरीला भूक लागंल,” त्या म्हणाल्या. “हितं उगडू नगंस. शाळंत गेल्याव उगड.”

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि शरूला जवळ ओढून तिचे मुके घेतले, इतके की पोर कंटाळली. “आजी, बस जाईल ना!”

शाळेच्या पाटीचा फोटो काढला, टिंग वाजलं. परतीची गाडी समोर उभी होती. मी शाळेच्या आत शिरले.

देवस्थळी मॅडम खुर्चीतून उठून आल्या. मी म्हटलं, “तुमचे उपकार कसे फेडू? गेट, विहीर, बस... तुम्ही ते शब्द घातले नसते तर मी आलेच नसते.”

“कुठले शब्द?”

“ॲपमधले.”

“हेमलता, आम्ही फक्त घरातल्या वस्तू दिल्यात. बादली, चमचा, खुर्ची. लहान मुलांना विहिरीवर कोण पाठवेल? वेड लागलंय का?”

मी शरूकडे पाहिलं. ती टेबलावरची घंटा न्याहाळत होती, जरा जास्तच लक्ष देऊन.

“शरू?”

“सांगायचं नाही. आजीची शपथ आहे.”

“माझी पण आहे. सांग.”

मग ती भडाभडा बोलली. खजिन्यात एक बटण होतं. घरच्यांनी बटण दाबून एखाद्या गोष्टीचा फोटो काढला की तिचं इंग्रजी नाव फोन स्वतःच शोधतो आणि दुसऱ्या दिवशी मुलाला तीच गोष्ट शोधायला सांगतो. शरूनं ते आजीला सहज दाखवलं होतं. आजोबा दुपारी झोपले की आजी देवळीतून फोन काढायची. गेटचा फोटो तिनं गावातून पीठ दळून येताना काढला, विहिरीचा धुण्याला गेल्यावर, बसचा बाजाराच्या दिवशी. शाळेचा काढायला तर ती मावशीच्या भेटीचं निमित्त करून शरूसह तालुक्याला आली होती.

“आजी म्हणाली, एकदम लांबची वस्तू मागितली तर आजोबा नाही म्हणतील. जवळनं सुरुवात करायची.”

मला आत्यांवरचा माझा राग आठवला.

“प्रमाणपत्रं आणलीस?” मॅडमनी हळूच विचारलं.

“ती मामंजींच्या ट्रंकेत आहेत,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता पिशवी उघडली.

वर दशम्यांचा डबा होता. त्याखाली माझं खाकी पाकीट, सगळी प्रमाणपत्रं आत. मी सही केली. मॅडमनी हात हातात घेतला. मग डबा परत ठेवायला पिशवीत हात घातला तर खाली मऊ काही लागलं. शरूचे फ्रॉक, सगळे, धुऊन घड्या घातलेले. माझ्या तीन साड्या. शरूचा लोकरीचा स्वेटर. सूर्यकांतचा एक लहान फोटो, रुमालात गुंडाळलेला.

जूनमध्ये कुणी तालुक्यापर्यंत जाऊन यायला लोकरीचा स्वेटर देत नाही. आत्यांनी आम्हाला सहीसाठी पाठवलं नव्हतं. कायमचं पाठवलं होतं.

स्टँडवर दोन गाड्या लागल्या होत्या, एक सांगलीची, एक आमच्या गावावरून जाणारी. मी मध्ये उभी राहिले. शरूनं विचारलं, “आई, कुठं जायचं?” मला खरंच कळत नव्हतं. सांगलीच्या गाडीत बसले असते तर सुटले असते. पण सांगलीला दादाचं घर होतं, म्हणजे दुसऱ्या एका पुरुषाचा दुसरा एक शब्द. माझी नोकरी इथं होती. आणि तिकडं घोंगड्याखाली खोटं आजारपण घेऊन एक बाई पडली होती. गाडी सुटली की तिनं मामंजींना काय सांगायचं ठरवलं असेल, ते सांगताना ती एकटी असेल, हे मला सहन होईना. मी गावच्या गाडीत चढले. घाबरले होते, ते लपवत नाही.

गेटपाशी मामंजी आणि बापूराव उभे होते. गाडीला उशीर झाला होता.

“आत गेली होतीस शाळेच्या?” मामंजींनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आत्या ओट्यावरून उतरून अनवाणी धावत आल्या. वाटलं, शरूला उचलतील. त्यांनी माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“परत का आलीस गं? आं? सांगलीची गाडी लागली न्हवती व्हय? परत कशापायी आलीस?” आणि मग शरूला छातीशी धरून त्या ज्या रडायला लागल्या त्या थांबेचनात.

मामंजींना काही उमगेना. “छातीत कळ येत होती ना तुझ्या?”

“कळबिळ काय न्हवती. शाळंची ऑर्डरबी न्हवती. फोटू माझं, शब्द माझं. मीच काडलं हिला भायेर.”

“सुभेदार,” बापूराव म्हणाले, “ही भावकीच्या डोळ्यांत धूळफेक झाली. तुम्ही शब्द दिला होता.”

“मामंजी, मी नोकरीवर सही करून आलेय,” मी म्हटलं. “रोज जाणार आणि रोज येणार. पळून जायचं असतं तर आजच गेले असते.” आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आत हात घातला. वर आला तो शरूचा पिवळा फ्रॉक. मग स्वेटर. मग रुमालातला फोटो. तो त्यांनी पुन्हा रुमालात गुंडाळला.

“नातीलाही पाठवून देत होतीस?” त्यांनी आत्यांना विचारलं.

“तिच्याबिगर ही गेली नसती.”

“आणि तू?”

“मी हाय की हितं. मला कुटं जायाचं हाय?”

त्यांनी फ्रॉकची घडी घालायचा प्रयत्न केला. फौजेत त्यांच्या घडीला नावाजत, पण त्या दिवशी घडी बसेना. चोळामोळा करून तो त्यांनी पिशवीत ठेवला.

“सुभेदार, भावकीला काय सांगायचं?” बापूरावांनी पुन्हा विचारलं.

“सांग, सुभेदारानं शब्द मोडला,” मामंजी म्हणाले. “जा बापू, घरी जा.”

बापूराव गेले. मामंजी आमच्या कुणाकडेही न बघता खाकरले.

“सकाळची गाडी कितीला असते?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगायच्या आत डोळे पदराला पुसत आत्याच म्हणाल्या, “साडेनवाला लागती फाट्याव. मी बगून ठिवलीया.”